नारात एक रात्र तरी राहा

जपानला येणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी सकाळी क्योतोहून नाराला येतात, हरणांना बिस्किटं खाऊ घालतात, मोठ्या बुद्धासमोर फोटो काढतात आणि जेवणाच्या सुमारास परत निघतात. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नाराच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. मी ओसाकात राहते. नारा इथून लोकलने पाऊण तासावर, त्यामुळे तिथे माझं सगळ्या ऋतूंत जाणं झालं आहे. भारतातून कोणी आलं की मी हट्टच धरते, की बाकी काही कमी करा, पण नारात मुक्काम करा. हा हट्ट कशासाठी, ते आज सविस्तर लिहिते आहे.

नारा बघायला सुरुवात मी एका मोकळ्या मैदानापासून करते. ७१० ते ७८४ या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, जपानची राजधानी इथे होती. चीनमधल्या चांगआन नगरीचा आराखडा समोर ठेवून आखलेलं, काटकोनात रस्ते असलेलं हे शहर, हेइजो-क्यो. राजधानी हलली आणि राजवाड्याच्या जागेवर भातशेती सुरू झाली. हजार वर्षांहून जास्त काळ तिथे भातच पिकला. एकोणिसावं शतक संपता संपता तानादा काजूरो नावाच्या एका बागकाम करणाऱ्या माणसाने ही जागा वाचवायचा ध्यास घेतला. सम्राटाच्या सिंहासनगृहाच्या चौथऱ्यावर गुरं चरताना पाहून त्याला राहवलं नाही. कुठल्याही पदावर नसलेल्या या माणसाने स्वतःजवळचं सगळं त्यात घातलं. आज पुन्हा बांधलेल्या सुझाकू दरवाजापाशी त्याचा पुतळा उभा आहे. तो दरवाजा १९९८ चा आणि पलीकडे दूरवर दिसणारं सिंहासनगृह २०१० चं. मध्ये गवताचं विस्तीर्ण मैदान, आणि त्या मैदानातून सरळ धावत जाणारी लोकल.

या मैदानाखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या हजारोंनी सापडल्या. कागद महाग होता, म्हणून रोजचा कारभार पट्ट्यांवर चालायचा. कुठल्या प्रांतातून मीठ आलं, कुठून वाळवलेले मासे आले, कोणत्या घराने करापोटी किती तांदूळ भरला, हे सगळं त्यांवर आहे. काम झालं की लिहिलेला भाग तासून काढायचा आणि पट्टी पुन्हा वापरायची. त्या तासलेल्या ढलप्यासुद्धा मातीत टिकल्या. काही पट्ट्यांवर एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवलेलं दिसतं. कोणी कारकून अक्षराला वळण लावत असणार. तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा हात आपल्याला इतका स्पष्ट दिसावा, याचं मला दरवेळी नव्याने अप्रूप वाटतं.

मग तोदाईजी हे देऊळ. तिथला महाबुद्ध, वैरोचन बुद्ध, बसलेल्या स्थितीत सुमारे १५ मीटर उंच आहे आणि तो बघून माणूस थक्क होतोच. पण ती मूर्ती कशासाठी घडली हे माहीत असेल तर तिच्याकडे बघणं बदलतं. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या साथीने जपान उद्ध्वस्त झालं होतं. दुष्काळ होता, बंड झालं होतं. ७४३ मध्ये सम्राट शोमूने मूर्तीचा संकल्प जाहीर केला, तेव्हा त्या आज्ञेत असं म्हटलं होतं की कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन मदतीला आला तरी त्याला येऊ द्या. ग्योकी नावाच्या लोकप्रिय भिक्षूने गावोगाव फिरून लोक जोडले. हा ग्योकी पूर्वी सरकारच्या रोषाला पात्र झालेला, परवानगीशिवाय लोकांत धर्म सांगत हिंडणारा आणि पूल-तलाव बांधणारा माणूस. सम्राटाला शेवटी त्याचीच गरज लागली.

७५२ मध्ये मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा असते तसाच तो. त्या दिवशी हातात कुंचला घेऊन बुद्धाची बुबुळं रेखली ती बोधिसेन या भारतीय भिक्षूने. हा दक्षिण भारतातला ब्राह्मण. चीनमध्ये येऊन राहिला होता आणि तिथून ७३६ मध्ये, ऐन साथीच्या काळात, समुद्र ओलांडून जपानला आला. ओसाकाजवळच्या बंदरावर त्याच्या स्वागताला ग्योकी गेला होता. त्याच्या कुंचल्याला एक लांबलचक निळी दोरी बांधली होती आणि खाली जमलेल्या लोकांनी ती धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांच्या हाताला लागावं. ७६० मध्ये बोधिसेन इथेच वारला. शहराच्या पश्चिमेला र्योसेनजी देवळाच्या आवारात त्याची समाधी दाखवतात. तिकडे फारसं कोणी जात नाही. भारतातून आलेल्यांनी तरी जावं.

आज दिसणारा बुद्ध मात्र पूर्णपणे त्या दिवसाचा नाही, आणि नारा मला इतकं जवळचं वाटतं ते याच कारणाने. ११८० च्या हिवाळ्यात ताइरा घराण्याच्या सैन्याने नाराला आग लावली आणि बुद्धाचं दालन जळालं, मूर्तीचं मस्तक वितळून पडलं. तेव्हा चोगेन नावाचा साठी ओलांडलेला भिक्षू पुढे झाला. त्याने देशभर फिरून देणगी गोळा केली. जवळपास मोठी झाडं उरली नव्हती, म्हणून पार पश्चिम टोकाच्या सुओ प्रांतातल्या जंगलातून ओंडके नदीत सोडून, समुद्रातून ओढून आणवले. ११८५ मध्ये पुन्हा डोळे उघडले गेले. निवृत्त सम्राट गो-शिराकावाने स्वतः ते रेखले, आणि त्यासाठी कुंचला बाहेर काढला तो बोधिसेनाचाच. चार शतकं तो जपून ठेवला होता. तो अजूनही आहे.

१५६७ च्या लढाईत दालन दुसऱ्यांदा जळालं. या खेपेला शंभरहून जास्त वर्षं बुद्ध जवळजवळ उघड्यावर, पावसात बसून राहिला. कोकेई नावाच्या भिक्षूला लहानपणी ते दृश्य सहन झालं नाही असं सांगतात. १६८४ पासून तो वर्गणीसाठी दारोदार फिरू लागला. १६९२ मध्ये मूर्ती दुरुस्त झाली. दालन पुरं झालं १७०९ मध्ये, पण ते बघायला कोकेई नव्हता. तो १७०५ मध्येच गेला. आजचं दालन ५७ मीटर रुंद आहे. मूळचं त्याच्या दीडपट होतं. एवढ्या जाडीची झाडंच मिळेनात, तेव्हा लाकडाचे तुकडे जोडून, त्यांना लोखंडी पट्टे आवळून खांब उभे केले. हे पट्टे दालनात नीट दिसतात. एका खांबाला तळाशी भोक आहे, त्यातून सरपटत जायला मुलांची रांग लागलेली असते. त्या रांगेशेजारी उभं राहून मी ते लोखंडी पट्टे बघत बसते. माणसांनी लाकूड पुरत नसतानाही हार मानली नाही, त्याचा तो जमाखर्च आहे. मूर्तीच्या कमळासनाच्या काही पाकळ्या मात्र आठव्या शतकातल्याच आहेत आणि त्यांवर कोरलेल्या बारीक रेषांत वैरोचनाचं सगळं विश्व मावलेलं आहे. मंडपात एका पाकळीची प्रतिकृती ठेवली आहे. तिथे थांबा.

दालनाच्या मागे, झाडीत, शोसोइन आहे. बाहेरून बघायचं तर जमिनीपासून उचललेलं, जाड त्रिकोणी ओंडके एकावर एक रचून केलेलं लाकडी कोठार. सम्राट शोमू ७५६ मध्ये वारला आणि सम्राज्ञी कोम्योने त्याच्या वापरातल्या वस्तू बुद्धाला वाहिल्या. त्या इथे ठेवल्या गेल्या. नंतर आणखी पुष्कळ भर पडली आणि आज सुमारे नऊ हजार वस्तू आहेत. इराणी काचेचे पेले, शिंपल्याची नक्षी जडवलेली वाद्यं, गालिचे, आरसे. जमिनीत पुरलेल्या आणि उकरून काढलेल्या अशा त्या नाहीत. पहिल्या दिवसापासून माणसांच्या राखणीत राहिलेल्या आहेत. आता त्या शेजारच्या आधुनिक कोठारांत असतात आणि दर शरदात त्यांतल्या थोड्याच नारा राष्ट्रीय संग्रहालयात मांडल्या जातात. एकदा मांडलेली वस्तू सहसा कित्येक वर्षं पुन्हा बाहेर येत नाही. एक पाचतारी वीणा आहे, रक्तचंदनी रंगाच्या लाकडाची, पाठीवर शिंपल्याची फुलं आणि पुढे उंटावर बसून वाजवणारा वादक. पाचतारी वीणेचा हा प्रकार मूळ भारतातला मानतात, आणि त्या काळचा जगात उरलेला हा एकच नमुना आहे.

पण मला सगळ्यात हलवून गेली ती एक यादी. कोम्योने मूर्तीला साठ प्रकारची औषधं वाहिली, तिची यादी. वाहिली म्हणजे बंद करून ठेवली नाहीत. जो आजाराने त्रासलेला असेल त्याला यातून औषध द्यावं, असं तिने त्यातच लिहून ठेवलं. त्याआधी ७३० मध्येच तिने गरिबांसाठी औषधशाळा काढली होती. त्या यादीत मिरी आहे. आणि हिरडा आहे. मी हे वाचलं आणि घरी जळगावला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, म्हणजे तुझ्या बाळघुटीतलाच की! सहाणेवर उगाळून द्यायचे मी तुला. दोन वळसे, जास्त नाही." आमच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यातल्या डब्यात वेखंड, मुरुडशेंग, सुंठ यांच्या सोबतीने पडलेला काळा, सुरकुतलेला हिरडा. सह्याद्रीत जुन्नर-आंबेगावकडचे आदिवासी आजही तो गोळा करून विकतात. शोसोइनमधला हिरडा कुठल्या रानातला, हे कोण सांगणार! पण चीनमार्गे, कुणाच्या तरी गाठोड्यातून, बोटीतून तो इथवर आला आणि एका राणीने तो आजाऱ्यांसाठी मोजून ठेवला. राजांचे हिरे-माणकं मी खूप संग्रहालयांत पाहिली आहेत. औषधाच्या यादीने डोळे भरून यावेत असं मात्र इथेच झालं.

हरणांबद्दल थोडक्यात. कासुगा देवळाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे, म्हणून हजारावर हरणं शहरात मोकळी हिंडतात आणि त्यांना कोणी हाकलत नाही. त्यांना कोंड्याची बिनसाखरेची बिस्किटं मिळतात, तीच द्यावीत, आपल्याकडचं काही देऊ नये. देवळामागच्या डोंगरावर ८४१ पासून झाड तोडायला आणि शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शहराला लागून खरंखुरं जुनं अरण्य उरलं आहे. मला हरणांपेक्षा ते अरण्य जास्त प्रिय आहे. देवळात जवळपास तीन हजार दिवे आहेत, दगडी आणि कांस्याचे, आणि फेब्रुवारीत व ऑगस्टमध्ये ते सगळे पेटवतात. तेव्हा गर्दी असते, पण ती सोसावी.

कोफुकुजी देवळाच्या संग्रहालयात एका मूर्तीसमोर लोक वेळ विसरून उभे असतात. ७३४ चा असुर, तीन मुखं, सहा हात, आणि चेहरा अगदी कोवळ्या मुलाचा. भुवया किंचित जवळ आलेल्या. आपल्या कथांतला असुर असा कधीच दिसत नाही. त्याच्या शेजारी गंधर्व, गरुड, किन्नर उभे आहेत. सगळे बुद्धाचं ऐकून रक्षक झालेले. मातीच्या साच्यावर लाखेत भिजवलेलं कापड थरावर थर चढवायचं, सुकलं की आतली माती काढून टाकायची, अशी ही पद्धत. त्यामुळे दीड मीटरची मूर्ती असूनही वजन जेमतेम १५ किलोच्या आसपास. कोफुकुजी कितीतरी वेळा जळालं. हा असुर वाचला तो हलका होता म्हणून, आणि कोणीतरी आगीत शिरून त्याला कवेत उचलून बाहेर आणलं म्हणून. त्या माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. मूर्तीकडे बघताना माझ्या डोळ्यांसमोर धुराने काळवंडलेले ते हात येतात.

आता ओमिझुतोरी. याच्यासाठी मुक्काम हवाच.

तोदाईजीच्या आवारात, टेकडीच्या उतारावर, निगात्सुदो नावाचं लाकडी देऊळ आहे. ७५२ पासून दरवर्षी तिथे हे ओमिझुतोरीचं व्रत चालतं. हल्ली १ ते १४ मार्च. निवडलेले ११ भिक्षू सगळ्या लोकांच्या वतीने अकरा मुखांच्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची क्षमा मागतात. देशात शांतता नांदो, पीक येवो, यासाठी. ११८० च्या आगीनंतर सगळं राख झालेलं असताना काही भिक्षूंनी हट्टाने हे व्रत केलं. १६६७ मध्ये व्रत चालू असतानाच हे देऊळ जळालं, तर उरलेले दिवस शेजारच्या देवळात पुरे केले. करोनाच्या काळात भिक्षू आधीपासून विलगीकरणात राहिले आणि व्रत झालं. आजवर एकाही वर्षी खंड नाही.

अंधार पडला की खाली मैदानात लोक दाटीने उभे राहतात. मार्चमधली नाराची थंडी हाडात शिरणारी. मग दिवे मालवतात. जिन्यावरून एक मशाल वर चढू लागते. हिरव्या बांबूच्या लांब दांड्याला टोकाशी देवदाराच्या पानांचा मोठा गोळा, आणि तो धडधडून पेटलेला. मशाल घेऊन येणारा सेवक सज्जाच्या कोपऱ्याशी थांबतो, दांडा कठड्याबाहेर काढून गरागरा फिरवतो, आणि ठिणग्यांचा पाऊस खाली लोकांवर पडतो. मग तसाच तो सज्जाच्या दुसऱ्या टोकाकडे धावत सुटतो. मागून दुसरा, तिसरा. लाकडी देवळाच्या लाकडी सज्जात! अंगावर काटा येतो. शेवटची मशाल विझली की लोक पुढे होऊन जळकी पानं वेचतात. ती वर्षभर घरात ठेवली तर अरिष्ट टळतं अशी श्रद्धा आहे.

मशाली संपल्या की गर्दी पांगते, शेवटच्या गाड्यांकडे धावते. खरं व्रत त्यानंतर सुरू होतं. आतल्या गाभाऱ्याजवळ स्त्रियांना जाता येत नाही. कडेच्या कोठड्यांत बसून, लाकडी जाळीतून, बघता आणि ऐकता येतं. हा भेद मला खटकतो आणि तरीही मी जाऊन बसते, कारण तिथे जे ऐकू येतं ते दुसरीकडे कुठेच ऐकलेलं नाही. तेलाच्या दिव्यांचा पिवळा उजेड. पांढऱ्या पडद्यावर हलणाऱ्या सावल्या. लाकडी पादत्राणांचा फळ्यांवर खाड खाड आवाज. शंख. आणि सामुदायिक नामघोष, आधी पूर्ण, संथ, मग लय वाढत जाते तसं नावही आखूड होत जातं, शेवटी "नामु कान, नामु कान" एवढंच उरतं. आषाढीच्या दिंडीत टाळ द्रुत लयीत गेले की अंगात जे होतं, ते मला त्या थंडगार अंधारात झालं. मध्येच एक भिक्षू बाहेर येऊन एका फळीवर गुडघ्याने अंग झोकून देतो. धप्प असा आवाज येतो. अख्ख्या देशाची क्षमा मागणारा तो आवाज.

५ आणि १२ मार्चच्या रात्री या देवळाशी जोडलेल्या मृतांची नावं मोठ्याने वाचली जातात. सुरुवात सम्राट शोमूपासून. पण यादीत ओतारी आहेत, मूर्तिकार आहेत, आणि महाबुद्धासाठी लाकूड देणारे ५१,५९० जण असा आकडाही आहे. गवताची काडी आणणाऱ्यांचीही आठवण ठेवली म्हणायची. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला एकदा ही यादी वाचताना वाचणाऱ्या भिक्षूसमोर निळी वस्त्रं नेसलेली एक स्त्री प्रकट झाली आणि म्हणाली, "माझं नाव का गाळलंस?" ती कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हलक्या आवाजात वाचलं, "निळ्या वस्त्रांतली स्त्री". तेव्हापासून दरवर्षी ते तसंच, आवाज खाली आणून, वाचतात. जाळीआड बसलेल्या आम्ही सगळ्या बायका त्या क्षणाची वाट बघत असतो.

या देवळातल्या अकरामुखी मूर्ती कोणालाही दाखवत नाहीत, भिक्षूंनाही नाही. पण असा अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बघायचा असेल तर मुंबईकरांना लांब जायला नको. बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात, तो भिंतीवर कोरलेला आहे. भारतात तो फार दुर्मिळ. मी मुंबईत राहत होते तेव्हा कान्हेरीला पावसाळ्यात धबधबे बघायला जायचे, आणि हे लेणं मला कोणी दाखवलं नव्हतं. आता सुट्टीवर गेले की आवर्जून जाते.

नारामाचीच्या जुन्या गल्ल्या, अरुंद पुढची आणि लांबलचक मागे गेलेली लाकडी घरं, दारांवर टांगलेली लाल कापडी माकडं, पर्सिमनच्या पानात गुंडाळलेला माशाचा भात, हे सगळं चालता चालता होतं. तिथे शाईची दुकानं आहेत, त्यांत मात्र शिरा. जपानमधली बहुतेक सगळी लेखनशाई, ती काळी कांडी, नारात होते. तेलाच्या दिव्याची काजळी धरायची, सरसात मळायची, साच्यात घालायची आणि राखेत हळूहळू सुकवायची. काम थंडीतच चालतं, उन्हाळ्यात सरस नासतो. कारागिराचे हात, चेहरा, कपडे, सगळं काळं. देवळांत सूत्रं लिहायला शाई लागायची, म्हणून हा धंदा इथे रुजला.

आणि होर्यूजी हे देऊळ. नारा स्टेशनवरून रेल्वेने थोडं पुढे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती इथे उभ्या आहेत, सातव्या-आठव्या शतकातल्या. खांब मध्यावर किंचित फुगलेले. हात लावला तर तेराशे वर्षांपूर्वीचं हिनोकी लाकूड. मुख्य मंदिराच्या आतल्या १२ भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्व रंगवलेले होते. गेरूच्या रेघा, अंगाची गोलाई दाखवणारी छाया, जड पापण्या, बोटांचे ते विभ्रम. त्यांची जुनी छायाचित्रं पाहिली तेव्हा मी हबकले. शाळेची सहल दरवर्षी अजिंठ्याला नेणाऱ्या गावची मी. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मला पाठ आहे. हा त्याचा भाऊच. मध्य आशिया, चीन असा फिरत फिरत तो हात इथे पोचला, असं अभ्यासकही म्हणत आले आहेत.

या दोन भिंतींना प्रत्यक्ष जोडणारा एक माणूस होऊन गेला. आराई काम्पो, चित्रकार. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून तो १९१६ मध्ये भारतात आला आणि १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात बसून चित्रांच्या नकला केल्या. त्याच्या आधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश चित्रकाराने वर्षानुवर्षं केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. गिल भुसावळला पुरला आहे, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. मग मुंबईच्या कला विद्यालयातल्या मुलांनी त्यांचे शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केलेल्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. जपानी चमूच्या नकला तोक्योत १९२३ च्या भूकंपात गेल्या. याच आराईकडे १९४० मध्ये होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या नकलेचं काम आलं. अजिंठा हाताखालून गेलेला माणूस होर्यूजीच्या भिंतीसमोर बसला. १९४५ मध्ये तो वारला, काम अपुरं राहिलं.

२६ जानेवारी १९४९ च्या पहाटे, नकलेचं काम चालू असतानाच, मंदिराला आग लागली. वरचा मजला दुरुस्तीसाठी आधीच उतरवलेला होता म्हणून तो वाचला. उंचावरच्या अप्सरांची छोटी चित्रंही काढून ठेवली होती. १२ भिंतींचे रंग मात्र उडाले, करड्या सावल्या उरल्या. अख्खा देश हादरला आणि पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, जपानने सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. आजही २६ जानेवारीला देशभरातल्या देवळांत आग विझवण्याच्या कवायती होतात. १९३५ मध्ये काचेच्या मोठ्या पट्ट्यांवर घेतलेली छायाचित्रं आणि अपुऱ्या नकला हाताशी होत्या, त्यांवरून १९६८ पर्यंत चित्रकारांनी ती चित्रं नव्याने रंगवली. मंदिरात आज दिसतात ती ही. जळक्या भिंती आणि खांब फेकले नाहीत. होते तसेच उभे करून, आवारातल्या एका कोठारात ठेवले आहेत.

होर्यूजीच्या सुतारांच्या घराण्यातला शेवटचा मोठा सुतार निशिओका त्सुनेकाझू. १९०८ चा जन्म. डोंगराच्या ज्या अंगाला झाड वाढलं त्याच अंगाला ते इमारतीत वापरावं, असं त्याच्या घराण्यात तोंडी चालत आलेलं. नारातल्याच याकुशीजी देवळाचा पश्चिम मनोरा १५२८ मध्ये जळाला होता, तो त्याने १९८१ मध्ये परत उभारला. शेजारी ७३० चा पूर्व मनोरा आहेच. नवा मनोरा जुन्यापेक्षा सुमारे फूटभर उंच ठेवला, कारण लाकूड शतकानुशतकं बसत जातं. काही शे वर्षांनी दोन्ही सारखे होतील, हा हिशोब. तो खरा ठरला की नाही, हे बघायला आपल्यातलं कोणीही नसेल.

याकुशीजीला पैसा कुठून आला? तिथल्या महंतांनी एका धनिकाकडे हात पसरण्याऐवजी देशभरच्या लोकांना बोलावलं, की येऊन बसा, हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र हाताने लिहून काढा आणि हजार येन द्या. दहा लाख पानं व्हावीत असा संकल्प होता. तो पुरा झाला, आणि १९७६ मध्ये मुख्य मंदिर उभं राहिलं. पानं येतच राहिली. त्यांतून मनोरा झाला, दरवाजा झाला, २००३ मध्ये प्रवचनगृह, २०१७ मध्ये भोजनगृह. कोणालाही आजही जाता येतं. आई आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. खाली छापील अक्षरं, वर पातळ कागद, ती गिरवायची. जपानी येण्याची गरज नाही. आईने पदर खोचला, कांडी दगडावर घासून शाई केली, आणि सहाणेची सवय असलेल्या हाताने ती इतकी बारीक उतरली की शेजारच्या आजीबाई वाकून बघायला लागल्या. पानाच्या शेवटी नाव आणि इच्छा लिहायची असते. आईने मराठीतच लिहिली. काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, "तुला कशाला? तू तुझं पान पुरं कर." माझं अजून अर्ध्यावर होतं.